अनाथांचा जमाखर्च : जॉर्ज मुल्लर यांचें चरित्र

अनाथ मुलांचें पालन हें पुण्यकर्म आहे याविषयीं आमच्या वाचकांत मतभेद असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मतभेद सुरू होतो तो पावतीपुस्तक पुढें आल्यावर. पेढीवर बसलेला व्यापारी खिशांत हात घालतो खरा, परंतु आपला रुपया मुलांच्या ताटांत पडतो कीं वाटेंत कोठें जिरतो, ही शंका त्याच्या मनांत राहतेच. आणि ती फेडून घेण्याची तसदी तो सहसा घेत नाहीं. उलटपक्षीं संस्थाचालकांस विचारावें तर लोकांत दया उरली नाहीं, वर्गण्या थकल्या आहेत, वाण्याची उधारी तुंबली आहे, असें गाऱ्हाणें ऐकूं येतें. दोन्ही पक्षांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. आणि या दोहोंच्या मध्यें उपाशी राहतें तें मूल. अशा वेळीं ज्या पुरुषानें इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं बासष्ट वर्षें, कर्ज न काढतां व कोणाच्या दारीं न जातां, दहा हजारांवर पोरक्या मुलांस वाढविलें, त्या जॉर्ज मुल्लर यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें. ते ख्रिस्ती उपदेशक होते व त्यांचें कार्य एका ख्रिस्ती मंडळीच्या आश्रयानें उभें राहिलें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा धर्म निराळा आहे; परंतु सचोटीचा जमाखर्च कोणत्याहि एका धर्माच्या मालकीचा नाहीं.

मुल्लर यांचा जन्म ता. २७ सप्टेंबर १८०५ रोजीं प्रशियांतील क्रोपेनस्टेट या गांवीं झाला. बाप सरकारी जकात वसूल करणारा अधिकारी असल्यानें घरांत सरकारी पैसा असे, आणि या मुलाची पहिली चोरी त्याच पैशावर झाली. रकमा वारंवार कमी भरूं लागल्या तेव्हां बापानें एके दिवशीं पैसे मोजून मुद्दाम समोर ठेवले व तो बाहेर गेला. मुलानें त्यांतले कांहीं उचलून जोड्यांत पायाखालीं दडविले आणि झडतींत तो सांपडला. शिक्षा झाली, परंतु तिच्यानें चोरी थांबली नाहीं, ती अधिक सफाईनें कशी करावी एवढेंच तो शिकला. चौदा वर्षांचा असतां आई मृत्युशय्येवर पडली, त्या रात्रीं तो दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत होता. सोळाव्या वर्षीं खाणावळींत राहून बिल न भरतां पळूं पाहिल्याबद्दल तो पकडला गेला व वोल्फेनब्युटेल येथील तुरुंगांत तीन आठवड्यांहून अधिक दिवस राहिला. बापानें देणें फेडलें तेव्हां तो सुटला. पुढें शाळेंत असतां स्वतःच्या पेटीचें कुलूप मोडून आपले पैसे चोरीस गेल्याचा बहाणा त्यानें केला आणि मित्रांनीं कळवळून जमविलेली रक्कम घेतली. १८२५ सालीं सोबत्यांसह स्वित्झर्लंडचा प्रवास केला, तेव्हां सामायिक खर्चाची थैली त्याच्या हातीं होती. तींतून त्यानें अशी युक्ति केली कीं, इतरांच्या मानानें स्वतःच्या वांट्यास खर्च पुष्कळ कमी यावा. या गोष्टी आम्ही निंदेसाठीं सांगत नाहीं. मुल्लर यांनीं त्या स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या आहेत. खोटा हिशेब कसा लिहितात हें ज्यास पुरतें ठाऊक होतें, त्यानेंच पुढें आयुष्यभर खरा हिशेब जगापुढें मांडला, हें ध्यानांत यावें एवढाच आमचा हेतु आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस हाले येथें धर्मशास्त्राचा विद्यार्थी असतां एका गृहस्थाच्या घरीं चाललेल्या लहानशा प्रार्थनासभेस तो गेला आणि तेथून त्याचें जीवित पालटलें. बापाची इच्छा अशी कीं, मुलानें सुखाच्या पगारावर पाद्री व्हावें व म्हातारपणीं आपणांस आसरा द्यावा. मुलानें धर्मोपदेशार्थ परदेशीं जाण्याचें मनांत आणल्यावर बाप संतापला. तेव्हां, ज्याची आज्ञा आपण पाळीत नाहीं त्याचा पैसा घेणें योग्य नव्हे, असें ठरवून मुल्लर यांनीं बापाकडून खर्च घेणें बंद केलें. या दिवसांत कांहीं काळ ते हाले येथील ज्या आवारांत गरीब विद्यार्थी म्हणून फुकट राहिले, तेथें आउगुस्ट हेरमान फ्रांके यांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस मोठें अनाथालय स्थापिलें होतें. त्या आवाराचें नांव आमच्या लोकांसहि अगदीं परकें नाहीं. तंजावरच्या सरफोजी राजे भोसल्यांचा बाळपणीं सांभाळ व शिक्षण ज्यांच्या देखरेखीखालीं झालें ते श्वार्ट्झ पाद्री याच हालेच्या परंपरेंत तयार झाले होते. एका पिढीनें अनाथांसाठीं बांधलेल्या भिंती पुढच्या पिढ्यांत कोणाकोणास आश्रय देतील, याचा अंदाज बांधणारास कधींच येत नाहीं.

१८२९ सालीं मुल्लर लंडनला आले, आणि पुढील वर्षीं टीनमथ या समुद्रकांठच्या गांवीं एका लहान मंडळीचे उपदेशक झाले. त्याच वर्षीं मेरी ग्रोव्ह्ज या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. उपदेशकाचा पगार प्रार्थनामंदिरांतील बैठकांच्या भाड्यांतून येई. जो अधिक भाडें देईल त्यास पुढची जागा व गरिबास मागची. देवाच्या घरीं असा दर्जा नसावा म्हणून मुल्लर यांनीं भाड्याची चाल मोडली व तिजबरोबर आपला ठराविक पगारहि सोडला. दाराशीं एक पेटी ठेविली; ज्यास जें द्यावयाचें तें त्यानें तींत टाकावें, आणि कोणीं किती टाकलें हें उपदेशकास कळूं नये. ही व्यवस्था त्यांनीं प्रथम स्वतःच्या संसारावर लागू करून पाहिली, मग संस्थेवर. आमच्यांत बहुधा याच्या उलट होतें.

१८३२ सालीं ते ब्रिस्टल येथें आले. त्या वर्षीं शहरांत पटकीची सांथ होती. बंदराच्या शहरांतील दारिद्र्य व रस्त्यांवर हिंडणारीं पोरकीं मुलें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. त्या काळीं इंग्लंडांत अनाथालयें थोडीं, आणि तेथें प्रवेश मिळण्यास देणगीदारांची मतें मिळवावीं लागत. ज्याचा कोणी वशिला नाहीं अशा मुलास दारिद्र्यगृहाखेरीज थारा नसे. १८३५ च्या नोव्हेंबरांत फ्रांके यांचें चरित्र मुल्लर यांच्या वाचनांत आलें व मनांत घोळत असलेला विचार पक्का झाला. त्यांचा मुख्य हेतु मात्र वाचकांनीं नीट समजून घ्यावा. मुलांचें पोषण हा हेतु होताच. परंतु गरीब मनुष्य केवळ प्रार्थनेच्या बळावर, कोणापुढें हात न पसरतां, असें घर चालवूं शकतो हें दिसलें तर लोकांची श्रद्धा दृढ होईल, हा त्यांचा पहिला हेतु होता व तो त्यांनीं उघडपणें सांगितला. पोरक्या मुलांस श्रद्धेचा पुरावा करावें काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो आमच्याहि मनांत आला. परंतु ज्यानें पुरावा देण्याचें पत्करलें त्यास आपली वही उघडी ठेवावीच लागते, आणि मुलांचें हित झालें तें या उघड्या वहीमुळें.

ता. ९ डिसेंबर १८३५ रोजीं त्यांनीं मंडळींची सभा भरवून आपली योजना सांगितली. त्या सभेंत मुद्दाम वर्गणी गोळा केली नाहीं. तरी हळूहळू वस्तु येऊं लागल्या : कपाट, ताटें, वाडगे, कापडाचे तुकडे, कांहीं शिलिंग. शिवणकाम करून आठवड्यास कशीबशी कांहीं शिलिंग मिळविणाऱ्या एका अशक्त बाईनें तर शंभर पौंड आणून दिले. तिला वारशानें कांहीं रक्कम मिळाली होती. बापाच्या मृत्यूनंतर सावकारांनीं थोडक्यावर तडजोड केली असतांहि तिनें आपल्या वांट्याचें उरलेलें देणें आधीं फेडलें, आईस दिलें, आणि मग ही देणगी आणली. मुल्लर यांनीं ती एकदम घेतली नाहीं. भावनेच्या भरांत ही बाई उद्यां पस्तावेल काय, याची त्यांनीं तिच्याशीं बोलून खात्री करून घेतली व मगच ती स्वीकारली. देणाऱ्याचें हित पाहणारा घेणारा विरळा. कर्ज फेडून मग दान करणारा दाता त्याहून विरळा.

ता. ११ एप्रिल १८३६ रोजीं विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरांत मुलींसाठीं पहिलें अनाथगृह उघडलें. त्याच वर्षीं लहान मुलांसाठीं दुसरें व पुढील वर्षीं मुलग्यांसाठीं तिसरें निघालें. १८३८ चा उन्हाळा संपतांना पैसा आटला. सुमारें शंभर तोंडें, आणि हातीं दुसऱ्या दिवसापुरतेंहि द्रव्य नाहीं, असे प्रसंग एकामागून एक आले. घरांतील शिक्षक व सेवक यांनीं आपल्याजवळचे थोडेथोडके पैसे घातले, विकण्यासारख्या वस्तु विकल्या. बाहेर मात्र कोणी चकार शब्द काढला नाहीं. त्याच सप्टेंबरांत एके दिवशीं लंडनहून आलेल्या एका बाईनें आपल्या मुलीनें पाठविलेली लहानशी रक्कम आणून दिली. ती बाई चार-पांच दिवस शेजारच्याच घरीं उतरली होती व पैसे तिच्याजवळ पडून होते. मुल्लर यांस यांत ईश्वराचा हात दिसला. आम्हांस यांत आणखीहि एक गोष्ट दिसते : शेजारीं मुलें उपाशी राहण्याच्या बेतांत आहेत आणि त्यांचा पैसा आपल्या गांठोड्यांत आहे, ही स्थिति आपल्या शहरांत किती घरीं असेल?

याच टंचाईंत मुल्लर यांनीं व्यापाऱ्यांच्या ध्यानांत राहील असा एक निर्णय केला. तोंपर्यंत पाव व दूध यांचें बिल आठवड्याचें आठवड्यास चुकविण्याची चाल होती. आठवड्याच्या अखेरीस पैसा नसला तर काय, असा विचार करून त्यांनीं ठरविलें कीं, यापुढें प्रत्येक जिन्नसाचे दाम जेथल्या तेथें द्यावयाचे. रोकड नसेल तर जिन्नस घ्यावयाचा नाहीं. समृद्धींत कोणीहि रोखीनें घेईल. अडचणींत उधारी बंद करणें हें उलटें गणित दिसतें, परंतु त्यांत मोठें शहाणपण होतें. उधारीवर चालणारी संस्था आपली खरी स्थिति स्वतःपासूनहि लपवूं शकते. वाण्याची वही जाड होत जाते व चालकास वाटतें, संस्था चालली आहे. शिवाय अनाथांच्या नांवानें बुडालेली उधारी ही गरीब दुकानदाराकडून बळजबरीनें घेतलेली देणगीच होय.

दुसरा प्रसंग १८४१ सालचा. वार्षिक अहवाल व सभा यांची वेळ डिसेंबरांत येत असे. नेमकी तेव्हांच फार ओढग्रस्ती होती. अहवाल छापला असता, सभा भरविली असती, तर लोकांस तंगी कळून मदत आली असती. मुल्लर यांनीं अहवाल व सभा दोन्ही कित्येक महिने लांबणीवर टाकल्या, कां कीं, या वेळीं हिशेब सांगणें म्हणजे आडमार्गानें मागणेंच झालें असतें. हिशेब द्यावयाचा तो सत्यासाठीं, सहानुभूति उकळण्यासाठीं नव्हे, हा त्यांचा कटाक्ष होता. अहवाल निघे तेव्हां मात्र त्यांत कांहीं झांकलेलें नसे; किती आलें, किती गेलें, कोणत्या दिवशीं किती पेन्या शिल्लक होत्या, सगळें असे. देणगीदाराचें नांव छापीत नसत. दात्यास पावती मिळे आणि अहवालांतील नोंदींत त्यास आपली रक्कम ओळखतां येई. नांव झांकलेलें व रक्कम उघडी, अशी ही रीत होती. आमच्याकडे संगमरवरावर नांव कोरलेलें असतें, आणि रकमेचें काय झालें हें विचारणें असभ्यपणाचें समजतात.

१८४५ च्या आक्टोबरांत विल्सन स्ट्रीटवरील एका शेजाऱ्यानें सभ्यपणें लिहून कळविलें कीं, मुलांच्या गलबल्यानें व पाण्याच्या निचऱ्याच्या अडचणीनें आसपासच्या लोकांस त्रास होतो. दुसरा असता तर अनाथांच्या नांवावर रागावला असता. मुल्लर यांनीं तक्रार विचारांत घेतली, ती रास्त आहे असें कबूल केलें व शहराबाहेर स्वतःची इमारत बांधण्याचें ठरविलें. ॲशली डाउन येथील जमिनीच्या मालकानें एकरी २०० पौंड भाव सांगितला होता. हेतु कळल्यावर त्यानें आपण होऊन ती १२० पौंडांनीं दिली. पुरेसा पैसा जमल्यावरच काम सुरू झालें. १८४९ सालच्या जूनमध्यें ३०० मुलांचें पहिलें घर तेथें उघडलें. १८५७, १८६२, १८६८ व १८७० या सालीं आणखी चार झालीं आणि पांचांत मिळून २,०५० मुलांची सोय झाली. १८५७ च्या हिंवाळ्यांत पहिल्या घराचें पाणी तापविण्याचें यंत्र गळूं लागलें, तेव्हां मुलें थंडींत राहूं नयेत म्हणून कारागिरांनीं आपण होऊन रात्रभर काम करण्याचें पत्करलें. हीहि देणगीच, ती पौंडांच्या रकान्यांत दिसत नाहीं एवढेंच.

मुलांस नुसतें खाऊं घालून सोडीत नसत. शिक्षण व्यवस्थित असे व तें तपासण्यास परीक्षक येई. मुलगे चौदा-पंधराव्या वर्षीं धंदा शिकण्यास कारागिराकडे जात व त्याची फी संस्था देई. मुली सतराव्या वर्षाच्या सुमारास घरकामास वा शिक्षिकेच्या कामास लागत. गरिबांच्या मुलांस त्यांच्या पायरीहून अधिक शिकवितात, अशी कुरकुर त्या काळीं झाली. ही कुरकुर आमच्या ओळखीची आहे. शूद्रांच्या व स्त्रियांच्या शाळा निघाल्या तेव्हां पुण्यांतहि ती ऐकूं आली होती.

मुल्लर यांच्या व्यवस्थेंत उणें नव्हतें असें नाहीं. आईबाप दोघेंहि मेलेलीं व विवाहसंबंधांतून झालेलीं मुलेंच तेथें घेत. ज्यांचा जन्म समाजानें कलंकित मानला, त्या सर्वांत निराधार मुलांस हें दार बंद होतें. त्याच शतकांत पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढून नेमक्या अशाच मुलांस जवळ केलें. या एका बाबतींत ब्रिस्टलच्या श्रीमंत इमारतींहून पुण्याचें तें गरीब घर मोठें होतें, असें आम्ही निःसंकोच म्हणतों.

मुल्लर यांच्या हातून संस्थेसाठीं एकंदर सुमारें १५ लक्ष पौंड गेले. अनाथगृहांखेरीज शाळा, धर्मग्रंथांचा प्रसार व परदेशांतील उपदेशकांस साह्य यांवरहि ते खर्च झाले. एका गृहस्थानें त्यांच्या स्वतःच्या व कुटुंबाच्या भावी निर्वाहासाठीं १०० पौंड पाठविले, ते त्यांनीं नाकारले. तेव्हां त्यानें ते अनाथांस दिले व वर आणखी १०० घातले. सत्तरीच्या सुमारास त्यांनीं प्रवास आरंभिला व पुढील सतरा वर्षांत अनेक देशांत उपदेश केला. ता. १० मार्च १८९८ रोजीं ब्रिस्टल येथें ते वारले, तेव्हां त्यांची सर्व मालमत्ता, पुस्तकें व सामान धरून, सुमारें १६० पौंडांची भरली. अंत्ययात्रेच्या दिवशीं हजारों लोक रस्त्यांवर उभे होते. पुढें काळ बदलला. मोठ्या इमारतींत शेंकड्यांनीं मुलें ठेवण्यापेक्षां लहान घरांत कुटुंबासारखीं वाढविणें बरें, असें ठरून १९५८ सालीं ॲशली डाउनच्या इमारती विकण्यांत आल्या. इमारतींचा मोह न धरतां मुलांचें हित पाहणें हेंहि त्या परंपरेस साजेसेंच झालें.

या चरित्राचा एक धागा आमच्या प्रांतांत येऊन पोंचतो. पंडिता रमाबाईंच्या वाचनांत मुल्लर यांचें आत्मवृत्त आलें होतें व त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. अमेरिकेंतील मंडळीनें शारदा सदनास दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी १८९८ सालीं संपली. त्याच सुमारास पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें, दुष्काळांतून आणलेल्या मुलींस घेऊन, ठराविक उत्पन्नाची हमी नसतां, त्यांनीं मुक्ति सदन उभारलें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आमच्या समाजानें पुष्कळ शाई खर्च केली. त्या मुलींच्या भाकरीसाठीं किती रुपये खर्च केले, तो आंकडा फार लहान आहे.

आतां आमचें सांगणें. मागितल्याशिवाय संस्था चालवावी, असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. ती मुल्लर यांची स्वतःच्या श्रद्धेशीं केलेली प्रतिज्ञा होती, आणि दुसऱ्याची श्रद्धा उसनी घेऊन दोन हजार मुलांचा संसार चालत नाहीं. परंतु रोखीनें घेणें, शिलकीपलीकडे न पसरणें, आणि पै-पैचा हिशेब दात्यास ओळखतां येईल असा छापणें, यांस श्रद्धा लागत नाहीं, निश्चय लागतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें हिशेबतपासणी आवश्यक केली खरी. पण तो कागद कचेरींत जातो, दात्याच्या हातीं सहसा येत नाहीं. चालकांनीं तो आपण होऊन दाराशीं लावावा.

आणि दात्यांसहि आमचें तितकेंच निकडीचें सांगणें आहे. आपल्या पेढीचा रोजमेळ दिवेलागणीस मिळविल्याशिवाय जो व्यापारी उठत नाहीं, त्यानें दिलेल्या दानाची मात्र चौकशीच करूं नये, हें दान नव्हे, सुटका करून घेणें आहे. आपल्या शहरांत जें अनाथगृह असेल, मग तें हिंदूंचें असो, मुसलमानांचें असो वा ख्रिस्त्यांचें असो, त्याच्या दारांत वर्षांतून एकदां तरी जावें. मुलें काय जेवतात, काय शिकतात व वही काय बोलते तें पाहावें. आणि पाहून खात्री झाली तर मागणी येण्याची वाट न पाहतां द्यावें. चालकानें न लपवावें आणि दात्यानें न विसरावें, एवढें झालें तरी पुष्कळ मुलांचें ताट रिकामें राहणार नाहीं.